पिंपरणीच्या अंगाला

"सायेब, तिकडं नगा खनू," झुंबरबाई म्हणाली.

खांबेटेसाहेब गुडघ्यावर बसून जमिनीत खुंटी ठोकत होते. खुंटीची सुतळी पार पिंपरणीच्या झाडापर्यंत ताणून शमशेर मुकादम उभा होता. दोघांनीही वळून पाहिलं. पाट्या वाहणाऱ्या बायका साहेबांशी सहसा बोलत नसत. काही सांगायचंच झालं तर त्या शमशेरला सांगत आणि शमशेर ते जरा शहाणं करून साहेबांच्या कानावर घाली.

"का हो बाई? काय आहे तिकडे?" साहेबांनी विचारलं.

"काय न्हाई. म्हनूनच म्हनते."

साहेब हसले आणि त्यांनी खुंटीवर पुन्हा हातोडा घातला. जुनं उकरणाऱ्या माणसाला अमुक ठिकाणी काही नाही असं सांगणं म्हणजे मांजराला शिंक्यात काही नाही असं सांगण्यासारखं आहे. झुंबरबाईने रिकामी पाटी डोक्यावर घेतली, पण तिचा पाय काही निघेना. शेवटी मागून येणाऱ्या साळूबाईने तिला कोपराने ढोसलं, तेव्हा ती चालू लागली.

आमचं भोकरगाव प्रवरेच्या काठी आहे. गावाच्या वरच्या अंगाला, नदीला लागून, जुन्या पांढरीचं टेकाड. काळी ती शेताची आणि पांढरी ती वस्तीची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ही पांढरी कुठल्या वस्तीची, हे मात्र गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणे पांडवांची, कुणी म्हणे राक्षसांची. त्यावरून कधी भांडण झालं नाही, कारण गावाला काम होतं ते तिथल्या मातीशी. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर दर उन्हाळ्यात या पांढऱ्या मातीचा थर चोपून बसवला की पावसाचं टिपूसही आत येत नाही. कुणा अनोळखी माणसांच्या चुलीची राख आणि पडलेल्या भिंती डोक्यावर घेऊन अख्खं गाव निवांत झोपत होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

धाबं घालावं तर झुंबरबाईच्या नवऱ्याने, सहादेवने. तो वर बसून माती चोपायचा आणि झुंबरबाई पांढरीवरून ती आणून द्यायची. नवराबायकोने सगळ्या गावाला छप्पर घातलं असं म्हटलं तरी चालेल. त्यांच्या स्वतःच्या छपराखाली मात्र दोघंच होती. लेकरंबाळं किती, असं परगावच्या बाईने विचारलं की झुंबरबाई म्हणायची, "न्हाई झालं," आणि विषय दुसरीकडे न्यायची.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर खांबेटेसाहेब पुण्याहून आले. लढाई संपून वर्ष उलटलं होतं, तरी कापड अजून रेशनवरच मिळत होतं, आणि या माणसाकडे एवढा मोठा कापडी तंबू पाहूनच निम्मं गाव गार झालं. साहेब गुप्तधन काढायला आलेत, अशी बातमी आधी उठली. रात्री पांढरीकडे कोण कोण चक्कर मारून आलं ते सांगत नाही, त्यांची नातवंडं आज गावात मानाने राहतात. पण पंधरवडा गेला तरी खड्ड्यातून नुसती खापरंच निघत राहिली, आणि साहेब ती दात घासायच्या ब्रशाने धुऊन उन्हात वाळत घालू लागले, तेव्हा गुप्तधनाची बातमी आपोआप मेली. बिचारा शिकून शिकून असा झालाय, यावर गावाचं एकमत झालं.

मग एक दिवस नदीच्या बाजूच्या खड्ड्यात, पार खाली, दोन मडकी सापडली. आडवी ठेवलेली, तोंडाला तोंड लावून. त्यांत हरभऱ्याच्या काड्यांसारखी बारीक हाडं होती.

"लहान मूल आहे," साहेब म्हणाले. "अगदी तान्हं." आणि माणसं मागे सरकली तसे ते म्हणाले, "घाबरू नका. निदान दोन हजार वर्षं झाली असतील. जास्तही असतील. खरं सांगायचं तर मला माहीत नाही."

"हितं मसनवटा हुता व्हय?" शमशेरने विचारलं.

"नाही. ही बघा चोपलेली जमीन, आणि ही चूल. हे घर आहे. मूल गेलं की ते घरातच पुरत असत. चुलीपासून हातभर."

पाट्या खाली ठेवून बायका ऐकत उभ्या होत्या. साळूबाईच्या तोंडून निघून गेलं, "मंग त्या बाईला भाकरी थापताना कसं व्हत असंल गं?"

झुंबरबाई त्या दिवशी पाटी भरून घ्यायची विसरून रिकामीच पाटी मातीच्या ढिगाकडे घेऊन गेली, आणि सगळ्याजणी तिला हसल्या. त्या घराची राहिलेली खोली वरच्या बाजूला असणार, म्हणून साहेबांनी खड्डा पिंपरणीकडे वाढवायचं ठरवलं. खुंट्या त्यासाठीच ठोकल्या जात होत्या.

आता पिंपरणीच्या अंगाला काय होतं, ते सांगायला हवं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी झुंबरबाईला दिवस गेले होते. माती काढताना एके दिवशी तिला तिथे अख्खं मडकं सापडलं. खापरं पुष्कळ सापडत, पण अख्खं काही कधी निघत नसे. घागरीपेक्षा थोरलं, मातकट तांबडं, गळ्याशी जरासं निमुळतं पण तोंडाशी रुंद, आणि पोटावर काळ्या रेघांची जाळी. आमच्या कुंभाराचा हात चांगला, पण असा घाट त्यालाही साधला नसता. झुंबरबाईने ते घरी नेलं, नदीवर घासूनपुसून लख्ख केलं आणि त्यात हुलगे भरून ठेवले. सासूने पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"मेल्या मानसांची वस्तू घरात आनलीस? ज्याची त्याला दिऊन ये."

झुंबरबाईने हो हो म्हटलं आणि दिलं नाही. मडकं तिला आवडलं होतं, एवढीच गोष्ट. गरिबाच्या घरात सगळ्या वस्तू गरजेच्या असतात. नुसती आवडते म्हणून ठेवलेली तिच्याकडे ही एकच होती.

श्रावणात मुलगा झाला. पाचवी पुजली, सटवाईने काय लिहायचं ते लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मूल गेलं. सासूने हुलगे जमिनीवर ओतले आणि मडकं उचलून सहादेवपुढे आपटलं. ते फुटलंही नाही. "ह्यानं खाल्लं पोराला," ती म्हणाली. "आता ज्याचं त्याला नेऊन दे."

बारशाआधी गेलेलं मूल आमच्याकडे नदीकाठच्या गाळात, मळईत पुरतात. पण प्रवरा दुथडी भरून चालली होती, मळई पाण्याखाली. सहादेव मूल आणि मडकं दोन्ही घेऊन पांढरीकडे गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. कुठे पुरलं ते त्याने सांगितलं नाही. आईला जागा सांगायची नसते. सांगितली की ती तिथेच घुटमळत राहते आणि पुढचं मूल पोटात ठरत नाही. अशा मुलाचं सुतक नाही, दिवस नाहीत, त्याचं नावही काढायचं नाही. नावच ठेवलेलं नसतं, तर काढणार काय. झुंबरबाईने हे सगळं बिनतक्रार पाळलं. पुढचं मूल काही ठरलं नाही ते नाहीच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती पाटी घेऊन निघाली तेव्हा सहादेव दारात विळा घासत बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "माती नदीच्या अंगानं काढ. पिंपरणीच्या अंगाला जात नको जाऊ."

बास, तेवढंच. झुंबरबाईने मान हलवली. तेव्हापासून पांढरीचं टेकाड नदीकडून झिजत गेलं आणि पिंपरणीकडून होतं तसं राहिलं. दुसरी कुणी बाई तिकडे पाटी घेऊन गेलीच, तर झुंबरबाई तिला सांगे, "तिकडची माती गळती हाय." धाबं घालणाऱ्याची बायको सांगतेय म्हटल्यावर सगळ्यांना ते पटायचं.

खुंट्या ठोकल्या त्या संध्याकाळी सहादेव जेवायला बसला. झुंबरबाईने भाकरी वाढली आणि ती चुलीपाशी मागे टेकली.

"सायेब पिंपरणीकडं खनायला लागले," ती म्हणाली.

सहादेवचा घास हातातच राहिला. "किती खोल जात्यात?"

"पुरुषभर तरी जात्यात."

त्याने घास ताटात परत ठेवला. मग भाकरीकडे बघतच म्हणाला, "कमरंइतकं हाय."

इतक्या वर्षांत तो यावर इतकं कधी बोलला नव्हता. झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तोंड कुनीकडं केलंतं?"

"नदीकडं."

"मी सायबाला सांगू का?"

"काय सांगशील?" सहादेव म्हणाला. त्याचा आवाज काही कठोर नव्हता. "नाव न्हाई, काय न्हाई. लोक हसतील. आन् ते मडक्याचं पुन्ना निघंल. म्हातारी गेली, ती गोष्ट बी गेली. आता कशाला?"

मडक्याचं पुन्हा निघेल, याचीच झुंबरबाईला धास्ती होती. सासू खरं बोलली होती, असं तिला मनातून वाटत आलं होतं. मडक्यापायी आपण आपलं मूल घालवलं, ही गोष्ट तिने नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नव्हती. गावापुढे ती निघाली असती तर तिला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"न्हाई बी लागायचं," सहादेव म्हणाला. "हातभर हिकडंतिकडं झालं तरी चुकंल." आणि त्याने ताट तसंच सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून झुंबरबाई खड्ड्याच्या काठावरून हलेना. पाटी भरायला तिचाच पहिला नंबर. कुदळीचा घाव पडला की ती वाकून खाली बघायची, आणि पाटीत नुसती माती दिसली की मगच पाटी उचलायची. शमशेरला वाटलं, बाई कामाला भलतीच लागली. त्याने दोनदा तिचं कौतुकही केलं. मधेच एकदा साहेब झाडाखाली पाणी पीत बसले होते, तेव्हा तिने हिय्या करून विचारलं.

"सायेब, ह्यांच्या वस्तूला हात लावला तर काय व्हतं का वो?"

"कुणाच्या? या जुन्या माणसांच्या?" साहेबांनी फुलपात्र खाली ठेवलं. "मी तर जन्मभर तेच करतोय. मला दोन मुली आहेत. धाकटीला वर्षातून एकदा खोकला होतो, बाकी दोघी ठणठणीत आहेत."

हे उत्तर तिला पुरलं नाही, पण तिने ते ठेवून घेतलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, सकाळची उन्हं वर आली होती तेव्हा, श्रीमंत नावाच्या गड्याची कुदळ एका चपट्या दगडावर खणकन वाजली. साहेबांनी हात वर केला. सगळे थांबले. मग ते स्वतः खड्ड्यात उतरले आणि लहान सुरीने माती कोरू लागले. दगडाखालून एक तोंड निघालं. तोंडाखालून निमुळता गळा निघाला. आणि मग ब्रशाखालून, जणू कालच काढल्यासारखी, काळ्या रेघांची जाळी निघाली.

झुंबरबाई काठावर बसली. ती जाळी तिच्या बोटांना पाठ होती. हुलगे काढताना ती रोज त्यावरून हात फिरवायची.

साहेबांनी तोंडातली माती बोटाने हलकेच बाजूला केली आणि आत पाहिलं. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा पेटलेल्या दिव्यासारखा दिसत होता.

"शमशेर, हेही मूलच आहे. पण इतक्या वर!" ते म्हणाले. "खालच्या घरापेक्षा किती वर आहे पाहा. म्हणजे ती माणसं गेली, घरं पडली, त्यांवर नवी माणसं आली, आणि तीही पोरांना अशीच पुरत राहिली. रीत तशीच टिकली. किती पिढ्या!"

विद्वान माणसाला कोडं पडलं की ते सुटायच्या आधीच त्याला उत्तराचा आनंद होतो. त्या आनंदात साहेब नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. गडी आणि बायका काठावर गोळा झाल्या.

"आता ह्याचं काय करनार, सायेब?" साळूबाईने विचारलं.

"पुण्याला नेणार. कापसात बांधून. काचेचं कपाट करू आणि त्यात ठेवू. लांबलांबून लोक येतील पाहायला."

कापूस. काचेचं कपाट. लांबलांबून लोक. झुंबरबाई ऐकत होती. तिच्या पोराला गावाने पाळणासुद्धा दिला नव्हता, आणि आता पुणं त्याला काचेचं कपाट द्यायला निघालं होतं. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला ते बरं वाटलं. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. मडक्याची गोष्ट निघणार नव्हती, साहेबांचा आनंद मोडणार नव्हता, आणि तिचं लेकरू राजासारखं राहिलं असतं.

साहेब पुन्हा खाली उतरले होते. मडक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "याची आई कोण, बाप कोण, काय भाषा बोलत होते, आपल्याला कधीच कळणार नाही. आता याला कुणी नाही. म्हणून तर हा आपल्या सगळ्यांचा."

"ह्याला हाय," झुंबरबाई म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांनी वर पाहिलं.

"काय म्हणालात?"

"ह्याला हाय, सायेब. आई हाय. मी हाय."

साहेबांनी समजुतीच्या सुरात म्हटलं, "बाई, हे मडकं फार जुनं आहे. असं मडकं आता कुठे घडतच नाही."

"मडकं आसंल जुनं. मला हितंच गावलंतं ते. पोर माजं हाय." आणि एकदा तोंड उघडलं तसं तिने सगळंच सांगितलं. मडकं घरी नेलं ते, सासू बोलली ते, नदीला पूर होता ते. "त्याच्या हातात काळं मनी हुतं," ती म्हणाली. "नियाज मन्याराकडनं घेतलंतं, बेलापूरच्या बाजारात. मधी एक पांढरा."

साहेबांनी कोटाच्या खिशातून काड्याची पेटी काढली आणि उघडली. आत कापसावर चार बारके मणी होते. तीन काळे, एक पांढरा. मडक्याच्या तोंडातली माती काढताना त्यांना ते मिळाले होते, आणि त्या जुन्या काळी काच होती की नव्हती, याचा विचार ते तेव्हापासून करत असावेत. त्यांनी पेटी हात उंच करून झुंबरबाईकडे दिली.

मग ते वळले आणि खड्ड्याची बाजू पाहू लागले. मडक्याभोवतालची माती बाजूच्या मातीपेक्षा सैल होती आणि थोडी काळसरही. वरून कुणीतरी खणलेल्या खड्ड्याची कड स्पष्ट दिसत होती. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"हे मघाशीच मला दिसत होतं," ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले. "पाहायचं नव्हतं, एवढंच."

शमशेरने गड्यांकडे बघून हात केला. "चला रं. पानी पिऊन या समदे. शिरमंता, तू जा आन् सहादेवला घेऊन ये." गडी गेले. बायका मात्र गेल्या नाहीत. त्या झुंबरबाईच्या आजूबाजूला मातीतच बसल्या. तिला वाटलं, आता मडक्याचं निघणार, आता कुणीतरी सासूसारखं बोलणार.

साळूबाईने पदराने नाक पुसलं. "मला बी हाय एक," ती म्हणाली. "मळईत. पोरगी हुती."

थोड्या वेळाने रंगुबाई म्हणाली, "माजी दोन हायेत."

आणखी दोघीतिघींच्या माना खाली गेल्या त्या लवकर वर आल्या नाहीत. वर्षानुवर्षं एकमेकींच्या शेजारी पाट्या वाहणाऱ्या त्या बायका. कुणाच्या घरी मीठ किती आहे ते त्यांना माहीत असायचं, पण हे माहीत नव्हतं. त्या दिवशी काम पुन्हा उशिराच सुरू झालं आणि शमशेर त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

सहादेव आला. अंगाला चिखल तसाच होता, कुणाच्या तरी भिंतीचं लिंपण टाकून आला होता. खड्ड्यात पाहून त्याने डोक्याचं मुंडासं काढलं आणि ते हातात धरून तो उभा राहिला. साहेबांनी दोघांना खाली घेतलं. झुंबरबाई मडक्यापाशी बसली. तिने हात पुढे केला, पण लावला नाही.

"सायेब, आमची म्हातारी म्हनायची, मडक्यानं पोर खाल्लं. मेल्या मानसांचं मी घरात आनलं म्हनून." हे ती साहेबांना विचारत होती की सहादेवला, कोण जाणे.

"म्हातारी दुखात बोलली गं," सहादेव म्हणाला. "ती काय मनातून बोलली व्हय? जाताना मला म्हनली, तिला सांग, तुजा काय दोष न्हवता. मलाच सांगाया जमलं न्हाई. त्याचं नाव काढायचं नसतंय ना." त्याने मुंडासं डोळ्यांना लावलं. झुंबरबाई त्याच्याकडे बघतच राहिली. सासूला जाऊन दहा वर्षं होत आली होती.

साहेब मडक्यापाशी वाकले. "मी शापांचा जाणकार नाही, बाई," ते म्हणाले. "पण मडक्यांमधलं मला थोडं कळतं. ही जाळी बघा. एकेक रेघ हाताने ओढलेली आहे, सावकाश, बसून. हे कुणीतरी घरासाठी केलेलं आहे. यात तिने धान्य ठेवलं असेल, दूध ठेवलं असेल. कुणाचं वाईट व्हावं म्हणून कुणी एवढा जीव ओतत नाही."

झुंबरबाईने मग हात लावला. जाळीवरून तिची बोटं सावकाश फिरली आणि ती रडली. सहादेवने तिला रडू दिलं. त्या मुलासाठी माणसांदेखत रडण्याची ही तिची पहिलीच वेळ होती.

"आता काय करायचं, तुम्ही सांगा," साहेब म्हणाले.

"हितंच ऱ्हाऊ द्या."

"आणि मडकं?" साहेबांनी विचारलं. त्यांना ते हवं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सगळ्या हंगामात एवढं अख्खं आणि देखणं दुसरं काही निघालं नव्हतं.

"मडकं आता त्याचंच हाय," झुंबरबाई म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. झुंबरबाईने पेटीतले मणी मडक्यात सोडले. सहादेवने दगड उचलून पुन्हा तोंडावर बसवला. मग त्याने माती लोटली आणि धाबं चोपावं तशी हाताने चोपून बसवली. त्या घराची राहिलेली खोली साहेबांना कधीच मिळाली नाही. खड्ड्याचा तेवढा कोपरा तसाच सोडून त्यांनी काम दुसरीकडे नेलं.

संक्रांत झाल्यावर तंबू उतरला. खापरांच्या पेट्या बैलगाडीत चढल्या. गाडी सूर्यभानची होती. तिला बेलापूर स्टेशन गाठायचं होतं आणि सूर्यभानला आगगाडी चुकेल अशी घाई झाली होती. सगळ्यात शेवटी एक वेगळी पेटी आली, लाकडी भुशाने भरलेली. तीत ती खालच्या घरातली मडकी होती, तोंडाला तोंड लावलेली, चुलीपासून हातभर अंतरावरची.

साहेब झाकणाला खिळे मारणार, एवढ्यात झुंबरबाई पुढे आली. तिच्या हातात लुगड्याचा तुकडा होता. जुनाच, पण धुऊन स्वच्छ केलेला. कापड मिळत नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे ही.

"ह्याच्यावर घालू का?" तिने विचारलं.

"घाला," साहेब म्हणाले.

तिने तुकडा दोन्ही मडक्यांवर पसरला आणि चारी बाजूंनी आत खोवला. "त्याला बी कुनीतरी हुतं की, सायेब," ती म्हणाली. साहेबांनी खिळे मारले. नेहमीपेक्षा हळू मारले, असं शमशेर नंतर सांगायचा.

गाडी निघाली. साहेब मागून टांग्याने येणार होते. सूर्यभानने बैलांना टोचलं तशी झुंबरबाई चालू लागली. एक हात पेटीवर ठेवून ती गाडीबरोबर गावातून, ओढ्यातून, चिंचेपाशी वळणावरून चालत राहिली. कुणी तिला काही विचारलं नाही. लेकरू परगावी जायला निघालं की आई शिवेपर्यंत जातेच, त्यात विचारायचं काय.

शिवेचा दगड आला, तशी तिने हात काढून घेतला आणि ती थांबली. पुढे रस्ता खडकाळ होता. सूर्यभानने चाबूक उचलला.

"हळू हाक रं," झुंबरबाई म्हणाली. "आत लेकरू हाय."

सूर्यभानने चाबूक खाली ठेवला आणि बैल आपल्या चालीने चालू लागले.